विस्मृत ध्वनिमुद्रिका आणि सीमेवरचे कान

ध्वनिमुद्रिकांचा इतिहास बहुधा खपाच्या वाटेने लिहिला जातो. जी तबकडी घरोघर पोहोचली तिचे नाव राहते. जी दुकानाच्या कपाटात धूळ खात पडली ती, तिच्यात कितीही सत्त्व असले तरी, विस्मृतीत जाते. पुस्तकाच्या बाबतीत निदान एवढे होते की, एखाद्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक प्रत उरते आणि पन्नास वर्षांनी कोणी जिज्ञासू ती उघडून वाचतो. तबकडी वाचता येत नाही. तिला यंत्र लागते, सुई लागते, आणि ती वाजवून पाहण्याची इच्छा असलेला माणूस लागतो. या तिहींपैकी एक जरी नाहीसे झाले, तरी ती मुकी होते.

अशा मुक्या झालेल्या एका संगीताविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक असे म्हणतात. ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे येथे राजकीय अर्थाने पुरोगामी नव्हे. रूढ चौकटीपुढे पाऊल टाकणारे, प्रयोगशील, एवढाच त्याचा अर्थ. हा विषय बिदर आणि कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांतील श्रोत्यांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर विवेचनाच्या ओघात येईल. तूर्त एवढेच म्हणतो की, जे संगीत कोणत्याच एका घराचे नसते, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न सीमेवरच्या माणसाला परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम यंत्राचा विचार केला पाहिजे, कारण या संगीताचा जन्म एका यंत्रामुळे झाला. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाला प्रारंभ १९०२ साली कलकत्त्यास झाला. त्या काळापासून पुढे पन्नास वर्षे जी तबकडी चालली, ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी होती आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयाने त्या तीन मिनिटांत रागाचे सारे रूप उभे केले, ही त्यांची थोरवी; पण ती मर्यादा गवयाने आपणहून पत्करलेली नव्हती, यंत्राने लादलेली होती. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहेतीसच्या आसपास फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. १९५५ साली उस्ताद अली अकबर खाँ यांची जी तबकडी अमेरिकेत निघाली, तिच्या एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस एक, असे दोनच राग होते. साथीला तबल्यावर चतुरलाल होते, आणि परिचयाचे शब्द येहुदी मेन्युहिन यांनी बोलले होते. आपल्या संगीताला यंत्राने दिलेली ती पहिली ऐसपैस बैठक होय.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला मात्र या बैठकीचे काय करावे, हे बरीच वर्षे उमगले नाही. तीन मिनिटांची दहा-बारा गाणी एका तबकडीवर ओळीने बसवावयाची, एवढाच तिचा उपयोग होत असे. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील काही तरुण वादकांना निराळी कल्पना सुचली. सबंध तबकडी ही एकच रचना का असू नये? नाटकाला जसे अंक असतात, तशा तिला दोन बाजू आहेत. मग तिला आरंभ, विस्तार आणि समाप्ती का असू नये? १९६७ मध्ये मूडी ब्लूज या गटाने पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस वाद्यवृंदाच्या साथीने एका तबकडीत गुंफला. १९६९ मध्ये किंग क्रिम्झन या गटाची पहिली तबकडी आली आणि हा नवा पंथ उघडपणे स्थापन झाला. १९७२ मध्ये येस नावाच्या गटाने एकच रचना अठरा मिनिटांहून अधिक चालवून तबकडीची संपूर्ण एक बाजू तिला दिली.

या पंथाची लक्षणे थोडक्यात सांगता येतील. ताल साधा चारमात्रांचा न ठेवता पाच, सात, अकरा अशा विषम मात्रांचा घ्यावयाचा. मध्येच तो बदलावयाचा. युरोपातील अभिजात संगीत, जॅझ आणि लोकगीते यांतून मुक्तपणे उचल करावयाची. आणि नवनवी यंत्रे वापरावयाची. त्यांतले मेलोट्रॉन नावाचे एक वाद्य मोठे मजेचे होते. दिसावयास ते पेटीसारखे. पण प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे आणि त्यावर व्हायोलिनचा अथवा बासरीचा सूर आधीच मुद्रित केलेला असे. पट्टी दाबली की तो सूर वाजावयाचा, आणि आठेक सेकंदांनी फीत संपली की तो आपोआप थांबावयाचा. म्हणजे वादकाला त्या फितीच्या श्वासाइतकाच श्वास! अशा अडचणींतूनच त्या संगीताला त्याचे रूप आले.

या पंथातले जे विख्यात झाले, त्यांना आज कोणी नव्याने शोधण्याची गरज नाही. त्यांच्या सावलीत जे राहिले, त्यांतील काही तबकड्यांकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते.

पहिली आहे थर्ड इयर बँड या इंग्रज गटाची, १९७० सालची. तीत चारच रचना आहेत आणि त्यांना वायू, पृथ्वी, अग्नी व जल अशी महाभूतांची नावे दिलेली आहेत. रॉक म्हटले की जी विद्युत्-गिटार डोळ्यांपुढे येते ती येथे नाही, गायन नाही, आणि ढोलांचा तो नेहमीचा मोठा संचही नाही. ओबो हे सनईच्या कुळातले वाद्य, व्हायोलिनहून थोराड आवाजाचे व्हायोला, चेलो आणि हाताने वाजविण्याचे ढोल, एवढ्यावर सारा खेळ. एक सूर सतत भरत राहतो आणि त्यावर ओबो घोटाळत फिरतो. ज्याने आपल्याकडच्या देवळात पहाटेची सनई ऐकली आहे, तिच्यामागे अखंड सूर धरणारा साथीदार पाहिला आहे आणि संबळाचा ठेका कानांत साठविला आहे, त्याला ही तबकडी इंग्रज श्रोत्यापेक्षा लवकर कळेल. पुढे १९७१ मध्ये पोलान्स्की यांच्या ‘मॅक्बेथ’ चित्रपटाला याच गटाने संगीत दिले.

दुसरी तबकडी रोमची. त्या गटाचे नाव आपल्याला गमतीचे वाटेल : बँको देल मुतुओ सोक्कोर्सो, म्हणजे ‘परस्पर साहाय्यक पेढी’! १९७२ साली या पेढीने ‘डार्विन!’ नावाची तबकडी काढली आणि उत्क्रांतिवाद हा तिचा विषय ठरविला. माकडापासून माणसाकडे येणारी वाट गाण्यात बसवावयाची, ही कल्पना ऐकताना शुष्क वाटते. परंतु फ्रांचेस्को दि जाकोमो यांचा ऑपेराच्या वळणाचा भरदार आवाज तिला करुण आणि भव्य अशी दोन्ही रूपे देतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, ती इटालियनमध्ये गायिली आहे. इंग्रजीत गाइले तरच रॉक, ही समजूत त्या काळी युरोपातही होती. ती मोडण्याचे धैर्य ज्यांनी केले, त्यांना जगाची बाजारपेठ मिळाली नाही. पण त्यांच्या संगीताला त्यांच्या मातीचा वास राहिला.

भाषेचा हा प्रश्न फ्रान्समधील मॅग्मा या गटाने अगदी विलक्षण रीतीने सोडविला. ख्रिस्तियन वांदेर या ढोलवादकाने आपल्या गाण्यांसाठी एक नवीच भाषा रचली! १९७३ मधील त्यांची प्रसिद्ध तबकडी त्या कल्पित भाषेत आहे. तिचा अर्थ कोणालाच कळत नाही, म्हणून कोणीच उपरा ठरत नाही, अशी ही युक्ती. आपल्याकडे तराणा ऐकणाऱ्यांना त्यात नवल वाटू नये. ‘नोम्-तोम्’ आणि ‘तदियन रे दानी’ यांचा अर्थ आपण तरी कुठे विचारतो?

चौथी तबकडी तुर्कस्तानची. बारिश मान्चो या गायकाने १९७५ साली काढलेल्या तबकडीचे नाव आहे ‘२०२३’. तुर्की प्रजासत्ताक १९२३ साली स्थापन झाले. त्याच्या शताब्दीचे वर्ष त्याने अर्धशतक आधीच नावात घातले. आनातोलियाच्या लोकगीतांचे वळण आणि विद्युत्-यंत्रांचे नाद यांचा संसार त्याने सुखाने मांडला. गायक १९९९ साली निवर्तला. शताब्दी त्याला पाहावयास मिळाली नाही. तुर्कस्तानात त्याचे नाव घराघरात आहे, पण बाहेरच्या जगाने त्याला ओळखण्यास फार उशीर केला.

आता आपल्या देशाकडे वळू. या प्रवाहात हिंदुस्थानचा वाटा होता काय? होता; आणि तो केवळ एखाद्या सतारीच्या झंकारापुरता नव्हता. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर हे व्हायोलिनवादक व संगीतरचनाकार १९५० नंतर लंडनला गेले. तेथे जमेकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह त्यांनी १९६६ आणि १९६७ मध्ये ‘इंडो-जॅझ’ या नावाच्या तबकड्या केल्या. पाच वादक जॅझचे आणि पाच मेयर यांच्या बाजूचे, असा दहाजणांचा मेळ त्यांनी जमविला. रागाचे स्वर पाळून त्या मर्यादेत जॅझच्या वादकाने विस्तार करावयाचा, अशी त्यांची रीत होती. प्रोग्रेसिव्ह रॉक जन्माला येण्यापूर्वीच दोन पद्धती शेजारी बसवून त्यांना एकमेकींशी बोलावयास लावण्याचे हे काम एका भारतीयाने केले होते. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, या पंथातील अग्रगण्य पियानोवादक कीथ एमर्सन यांनी पियानो कॉन्चेर्टो रचला, तेव्हा लंडनच्या वाद्यवृंदाचे संचालन करावयास उभे होते ते हेच जॉन मेयर. आज किती भारतीयांना हे नाव ठाऊक आहे?

उदयशंकरांचे चिरंजीव आनंद शंकर यांची १९७० सालची तबकडी अमेरिकेत निघाली. तिच्यावर दोन गाजलेल्या इंग्रजी रॉक-गीतांच्या सतारीवरच्या आवृत्त्या आहेत आणि लोकांना आठवतात त्या त्याच. परंतु त्या तबकडीचे खरे धन म्हणजे ‘सागर’ ही तेरा मिनिटांची रचना. सतार आणि त्या काळी नुकतेच प्रचारात आलेले मूग नावाचे विद्युत्-वाद्य यांचा त्यात संथ संवाद आहे. आलापीची ज्यांना सवय आहे, त्यांनी ती दोन आवृत्त्या सोडून प्रथम ‘सागर’ ऐकावी.

मुंबईचे चित्र निराळे होते. तेथे १९७० च्या सुमारास ‘सिमला’ नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी रॉकगटांची स्पर्धा भरविण्यात आली आणि तिच्यातील निवडक गटांच्या गाण्यांच्या ‘सिमला बीट’ या नावाच्या दोन तबकड्या निघाल्या. एक १९७० ची, दुसरी १९७१ ची. बंगलोरचा डायनोसॉर्स, शिलाँगचा फेंटोन्स, मुंबईचा वेल्व्हेट फॉग असे गट त्यांत आहेत. खरे सांगावयाचे तर त्यांतील पुष्कळसे गाणे अनुकरणाचे आहे. विलायती तबकडी ऐकावी, तिचे सूर उचलावेत आणि तसे वाजवावे, असा तो शिक्षणक्रम होता. परदेशी तबकड्या मिळणेही त्या काळी सोपे नव्हते. परकीय चलनाचे निर्बंध कडक, जकात भारी. एक तबकडी आली की ती मित्रमंडळींत हातोहात फिरे. अशा स्थितीत ज्यांनी स्वतःची म्हणून एखादी रचना केली, त्यांचे कौतुक करावयास हवे.

याच मुंबईत अटॉमिक फॉरेस्ट नावाचा गट होता. आपल्या वाचकांना त्यातील एक नाव ओळखीचे वाटेल. मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ नट व दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे या गटाचे गायक होते. ज्या घरात मराठी नाटकाची तालीम चाले, त्या घरातला मुलगा इंग्रजी रॉक गात होता, ही त्या काळच्या मुंबईची खूण म्हणावी लागेल. १९७४ मध्ये अ‍ॅलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राईस्ट सुपरस्टार’ हे संगीतनाट्य उभे केले, त्यात ज्यूडासची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. अटॉमिक फॉरेस्टची एकच तबकडी निघाली. तिच्या नावात ‘७७’ हा आकडा आहे. पण ती बाजारात यावयास १९८० नंतरचे दशक उजाडले, आणि तोवर गट विखुरला होता. तिच्यात गाण्यापेक्षा वादन अधिक आहे. गिटार आणि ऑर्गन यांची उग्र, काहीशी धुंद अशी गुंफण आहे. कठोर अर्थाने तिला प्रोग्रेसिव्ह म्हणावे की नाही, याविषयी वाद होऊ शकेल. पण आपल्या शहरातल्या तरुणांनी त्या वाटेवर किती मजल मारली होती, हे कळण्यास तिच्यासारखा पुरावा नाही. तिच्या वाट्याला त्या वेळी कौतुक आले नाही. २०११ साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली. आणि ती प्रसिद्ध करणारी संस्था होती अमेरिकेतील लॉस एंजेलिसची.

ही काही एकाकी घटना नव्हे. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ साली दहा राग विद्युत्-यंत्रांवर, यांत्रिक ठेक्याच्या साथीने वाजविले. तबकडी पडली. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, आणि उतारवयात त्या वादकाला युरोपातून बोलावणी येऊ लागली. आपले विस्मरण दूर करण्याचे काम परक्यांनी करावे, याचा विषाद वाटण्याऐवजी त्याची कारणे शोधणे अधिक हिताचे आहे.

कर्नाटकाचाही या इतिहासात एक अध्याय आहे. टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये बंगलोरला तालवाद्यांचे एक महाविद्यालय स्थापन केले : कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन. एम्ब्रियो नावाचा जर्मन रॉकगट १९७८-७९ मध्ये मोटारीने इराण-अफगाणिस्तानच्या वाटेने, ठिकठिकाणच्या वादकांबरोबर वाजवीत, हिंदुस्थानात आला. या गटाने पुढे मणी यांच्या मंडळीसमवेत तबकडी केली. १९८३ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांनी याच मंडळीबरोबर ‘ज्योती’ ही तबकडी जर्मनीतून काढली. तीत रामामणी यांचे गायन आहे, मृदंग आहे, आणि सॅक्सोफोन त्यांच्या अंगणात पाहुण्यासारखा अदबीने वावरतो. येथे अनुकरणाचा प्रश्नच उरत नाही. कोणी कोणाची नक्कल करीत नाही. दोघेही आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांचे ऐकतात.

मग अशा तबकड्या विसरल्या का जातात? एक कारण व्यापाराचे आहे. दुकानात प्रत्येक मालाला एक कप्पा असतो : शास्त्रीय, चित्रपटगीते, भक्तिगीते, पाश्चात्त्य. जो माल दोन कप्प्यांत बसतो, तो वस्तुतः एकाही कप्प्यात बसत नाही. दुसरे कारण प्रक्षेपणाचे. १९५२ नंतर केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने शास्त्रीय संगीताला मानाचे पान दिले. चित्रपटगीतांना श्रोते रेडिओ सिलोनवर शोधू लागले, आणि १९५७ मध्ये विविध भारती आली. पण स्वतःच रॉक रचणाऱ्या देशी तरुणाला यांतले कोणतेच दार आपले म्हणून उघडे नव्हते. तिसरे कारण यंत्राचे. १९८० च्या सुमारास कॅसेटीने तबकडीला हुसकावले. ज्याला खप होता ते कॅसेटीवर आले. ज्याला खप नव्हता ते तबकडीबरोबर मागे राहिले. पुढे तीच गोष्ट कॅसेटीच्याही बाबतीत घडली. यंत्र बदलताना दर खेपेस एक चाळण लागते, आणि तिच्यातून गुण पाहून नव्हे, खप पाहून निवड होते.

परंतु चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वारसा सांगावयास कोणीतरी वारसदार लागतो. इंग्रजीत गाणाऱ्या मराठी तरुणाला मराठी संगीताच्या इतिहासात स्थान नाही, आणि इंग्रजी संगीताच्या इतिहासातही नाही. जॉन मेयर यांना लंडनने भारतीय मानले आणि भारताने इंग्रज.

येथे बिदर आणि कलबुर्गीचा संबंध येतो. १९५६ साली १ नोव्हेंबरला हैदराबाद संस्थानाचे विभाजन झाले, तेव्हा एकट्या बिदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. गुलबर्ग्याचेही कोडंगल व तांडूर हे तालुके आंध्रात गेले. भाषावार रचना न्याय्य होती की नव्हती, हा आजचा विषय नव्हे. परंतु माणसे आणि जमिनी यांची वाटणी करता येते, तशी गाण्याची येत नाही. हैदराबादच्या दख्खन रेडिओवरून उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड या चारही भाषांत कार्यक्रम होत असत. त्या चतुर्भाषिक श्रोत्याचा वारसा आज कोणत्या राज्याच्या खात्यावर मांडावयाचा?

या प्रदेशाला मिश्रणाचे वावडे कधीच नव्हते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे श्रीमाणिकप्रभू १८१७ मध्ये जन्मले आणि १८६५ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या पदरचना मराठी, कन्नड, हिंदी-उर्दू, संस्कृत अशा अनेक भाषांत आहेत आणि त्या रागतालांत गायिल्या जातात. कलबुर्गीला १४२२ मध्ये देह ठेवणाऱ्या ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यात कव्वालीची परंपरा आहे. ज्या इब्राहिम आदिलशहाने १६१९ मध्ये बिदर जिंकून घेतले, त्यानेच दख्खनीत ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह रचला, त्यातील गीतांना रागांची नावे दिली आणि सरस्वतीचे स्तवन केले. आणि बिदरी कामाचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. जस्त व तांबे यांच्या मिश्र धातूवर चांदीची नक्षी बसवावयाची, मग बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागरात कालवून तिच्यात भांडे उकळावयाचे. धातू काळा होतो, चांदी पांढरी राहते. नक्षीचे वळण इराणी आहे म्हणून बिदरी भांडे परके आहे, असे कोणी म्हणत नाही. त्याचा काळा रंग इथल्या मातीने दिलेला आहे.

यावरून सर्वच मिश्रण चांगले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्येही पोकळ डामडौल पुष्कळ होता. लांबी म्हणजे खोली अशी समजूत करून घेऊन वीस-वीस मिनिटे पाल्हाळ लावणारे वादक होते. आणि दहा सेकंद सतार छेडून गूढतेचा आव आणणारेही होते. सच्चे मिश्रण कोणते, हे ठरविण्याची एक कसोटी सांगता येईल : त्यातले एक अंग काढून घेतले तर दुसरे उभे राहते काय? ‘ज्योती’तून मृदंग काढला तर सॅक्सोफोनला आधार उरत नाही. बिदरी भांड्याचा काळा रंग काढून टाकला तर नक्षी उठून दिसत नाही. याउलट पुष्कळ गाण्यांतली सतार काढली तरी काहीच बिघडत नाही. ती तेथे पाहुणी म्हणूनही नव्हती, पडदा म्हणून होती. या कसोटीला उतरणाऱ्या तबकड्या थोड्याच निघतील, पण त्या जपण्याजोग्या आहेत.

आता करावयाचे काय, हा प्रश्न उरतो. परदेशी तबकड्यांपैकी बहुतेक आता संगणकावर वा हातातल्या फोनवर सहज ऐकता येतात. त्यांच्यासाठी केवळ वेळ काढावयास हवा. मात्र एक पथ्य पाळावे : तबकडी एका बैठकीत, सलग, क्रमाने ऐकावी. मधलेच एखादे गाणे उचलून ऐकणे म्हणजे ख्यालातली एकच तान ऐकून रागाविषयी मत देण्यासारखे आहे.

पण जे फोनवर येणार नाही, त्याची चिंता अधिक आहे. या दोन जिल्ह्यांत, आणि सीमेपलीकडे उदगीर-निलंग्याकडेही, घरांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या आणि फिती पडून असतील : एखाद्या उत्सवातील भजन, एखाद्या मठातले वचनगायन, उरुसातली कव्वाली, लग्नातली सनई, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातला कुणाचा तरी वाद्यवृंद. त्यांतले बरेचसे सामान्य असेल. पण सामान्य कोणते आणि असामान्य कोणते, हे ऐकल्याशिवाय ठरत नाही, आणि फीत वाट पाहत थांबत नाही. ओल आली की तिच्यावर बुरशी धरते, उष्णतेने तबकडी वाकते. तबकडी आडवी रचू नये, उभी ठेवावी. तिच्या मध्यभागीची चिठ्ठी आणि तिचे वेष्टन फेकू नये. कोणी वाजविले, केव्हा वाजविले, याचा पुष्कळदा तोच एकमेव लेखी पुरावा असतो. जिथे चिठ्ठी नसेल, तिथे घरातल्या वृद्धांना विचारून गायकाचे नाव, गाव, साल आणि भाषा कागदावर उतरवून ठेवावी. प्रत संगणकावर उतरविण्याचे साधन आता तालुक्याच्या गावीही मिळते.

अटॉमिक फॉरेस्टच्या वादकांची ओळख जगाला पटली, कारण एका तबकडीच्या काही प्रती कुणाच्या तरी घरी शिल्लक राहिल्या होत्या. तिथे निदान छापील वेष्टन होते, कंपनीचे नाव होते. आपल्या माळ्यावरच्या फितीला तेवढेही नाही. तिच्यावरचा आवाज कोणाचा, हे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारण्याचे काम लॉस एंजेलिसहून कोणी येऊन करणार नाही.